झाशीला उतरून पाहा

मुंबई-पुण्याहून दिल्ली, आग्रा किंवा वैष्णोदेवीला निघालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांची गाडी वाटेत झाशीला थांबते. वडील बाटल्या भरून आणायला उतरतात, आई खिडकीतून चहावाल्याला हाक मारते आणि वरच्या बर्थवरून एखादे पोर विचारते, "हीच का ती राणीची झाशी?" "हो, हीच," असे उत्तर मिळेपर्यंत गाडी हलते. झाशी मागे पडते आणि पुढचे सगळे प्रश्न विचारायचे राहूनच जातात.

खरे तर हे प्रश्न विचारण्यासारखे आहेत. बुंदेलखंडाच्या मधोमध मराठी राज्य कसे आले? राणीचे सासर मूळचे कुठले? पाठीवर बांधलेल्या त्या मुलाचे पुढे काय झाले? पाठ्यपुस्तकातला घोडा आणि तलवार सर्वांना ठाऊक असते, पण या प्रश्नांवर मोठी माणसेही अडखळतात. सुटीतले तीन-चार दिवस काढून मुलाबाळांसह झाशीला मुक्काम केला, तर उत्तरे तिथल्या दगडाविटांतच सापडतात. शिवाय किल्ले, राजवाडे, चर्च आणि लेणी हे सगळे शंभर किलोमीटरच्या आत पाहून होते.

बुंदेल्यांचा किल्ला, मराठ्यांचे ठाणे

झाशीचा किल्ला मराठ्यांनी बांधलेला नाही. ओरछ्याचा राजा वीरसिंहदेव बुंदेला याने १६१३ मध्ये बंगरा नावाच्या टेकडीवर तो उभारला. ओरछ्याहून पाहताना ही टेकडी सावलीसारखी, म्हणजे 'झाईं-सी' दिसे, म्हणून गावाला झाशी हे नाव पडले, अशी आख्यायिका इथे प्रत्येक गाइड सांगतो.

मराठ्यांचा पाय इथे रोवला गेला तो थोरल्या बाजीरावामुळे. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाने वृद्ध छत्रसालाला कोंडीत पकडले, तेव्हा बाजीराव त्याच्या मदतीला धावून गेला. छत्रसालाने या उपकाराची फेड म्हणून आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्याला दिला. त्यानंतर १७४२ मध्ये झाशीचा सुभेदार म्हणून आला तो नारोशंकर.

हे नाव ऐकले की मुलांना नाशिकची आठवण करून द्यावी. पंचवटीत गोदेच्या काठी जे नारोशंकराचे मंदिर आहे, मोठ्या आवाजाच्या माणसाला ज्या 'नारोशंकराच्या घंटे'ची उपमा आपण देतो, तो नारोशंकर हाच! ती घंटा पोर्तुगिजांची. चिमाजीअप्पाने १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर ती नाशिकला आली, असे सांगतात. मालेगावचा भुईकोट किल्लाही याच नारोशंकराचा. झाशीत त्याने किल्ला वाढवला. त्या वाढीव भागाला शंकरगढ म्हणतात. आज झाशी शहर ज्या आकाराने वसलेले दिसते, त्याचा पाया त्याच्या कारकिर्दीत घातला गेला.

पुढे सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे आली. हे घराणे मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यातील कोट गावचे. त्यांची एक शाखा खानदेशात पारोळ्याला स्थिरावली. तिथला भुईकोट किल्ला आजही उभा आहे. रघुनाथ हरी नेवाळकर, शिवरावभाऊ, रामचंद्रराव आणि शेवटी गंगाधरराव अशी ही परंपरा चालली. १८४२ मध्ये गंगाधररावांशी लग्न होऊन मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका झाशीत आली आणि लक्ष्मीबाई झाली. हे लग्न ज्या गणेश मंदिरात लागले, ते मंदिर जुन्या शहरात आजही आहे.

किल्ल्यात फिरताना

किल्ल्याच्या ग्रॅनाइटच्या भिंती सोळा ते वीस फूट जाड आहेत. आत शिरताच 'कडक बिजली' नावाची तोफ दिसते. तिचे तोंड सिंहाच्या मुखासारखे घडवलेले आहे. ती चालवणारा गोलंदाज गुलाम गौसखान. पुढे गेल्यावर त्याची, खुदाबक्षची आणि मोतीबाईची अशा समाध्या एकाच ठिकाणी दिसतात. गंगाधररावांना नाटकांचा मोठा शौक होता. मोतीबाई त्यांच्या नाटकशाळेतली नटी होती आणि वेढ्याच्या दिवसांत तिने तोफ हाती घेतली, असे परंपरा सांगते. एका मराठी ब्राह्मण राणीसाठी लढून पडलेले हे पठाण आणि ही नटी मुलांना आवर्जून दाखवावीत. इतिहासाचे पुस्तक अशी माणसे एका ओळीत उरकते.

पंचमहाल, नारोशंकराच्या काळातले शिवमंदिर आणि गणेशमंदिर पाहून झाले, की सगळी गर्दी तटावरच्या एका जागेकडे वळते. राणीने मुलाला पाठीशी बांधून घोड्यासह इथूनच उडी घेतली, असे सांगतात. खाली वाकून पाहिले की पोटात गोळा येतो. काही वृत्तांतांप्रमाणे मात्र ४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणी निवडक स्वारांसह भांडेरी दरवाजातून बाहेर पडली आणि शत्रूच्या चौक्या ओलांडून काल्पीकडे गेली. मुलांनी विचारले तर दोन्ही सांगावे. उडीची कथा बाजूला ठेवली तरी शौर्य उणे होत नाही. वेढा घातलेल्या फौजेच्या मधून रात्री वाट काढणे काही कमी धाडसाचे नाही.

आणखी एक गोष्ट. पुतळ्यांमध्ये पाठीवरचे मूल तान्हे दिसते. प्रत्यक्षात दामोदरराव तेव्हा आठ वर्षांच्या आसपासचा होता. त्या वयाचे मूल सगळे पाहते आणि सगळे लक्षात ठेवते.

राणीमहाल

किल्ल्याहून थोड्या अंतरावर, बाजाराच्या गजबजाटात राणीमहाल आहे. बाहेरून साधाच वाटणारा दुमजली वाडा, मधे चौक, भोवती दालने. वरच्या दरबाराच्या दालनात रंगीत वेलबुट्टी दिसते. आता पुरातत्त्व खात्याने इथे आसपासच्या भागात सापडलेली नवव्या ते बाराव्या शतकातली शिल्पे मांडली आहेत.

बहुतेक पर्यटक इथे दहा मिनिटांत फेरी मारून निघतात. पण राणी समजून घ्यायची तर झाशीत याहून महत्त्वाची जागा नाही. तिचा स्वतःचा मुलगा १८५१ मध्ये जन्मला आणि काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांनी नात्यातल्या आनंदरावाला दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी, २१ तारखेला, त्यांचा मृत्यू झाला. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा केली. राणीला वर्षाला साठ हजारांची नेमणूक ठरली आणि किल्ला सोडून याच वाड्यात यावे लागले.

इथे ती तलवार घेऊन बसली नव्हती, अर्ज लिहीत होती. जॉन लँग नावाच्या वकिलाला तिने बोलावून घेतले, लंडनपर्यंत दाद मागितली. सगळे अर्ज फेटाळले गेले. तीन वर्षे कायद्याच्या वाटेने चालून पाहिलेली ही विधवा स्त्री घोड्यावरच्या पुतळ्यात दिसत नाही. ती या वाड्यात दिसते. पदरी लहान मूल, डोक्यावर थकलेल्या आश्रितांचा भार आणि हातात नकाराचे कागद, हे चित्र घरातल्या बायकांना कुणी समजावून सांगावे लागत नाही.

भटजींनी पाहिलेली झाशी

निघण्यापूर्वी घरातल्या थोरांनी एक पुस्तक जरूर वाचावे. विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसई गावचे हे भटजी १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेत निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, चांगली दक्षिणा मिळेल आणि घरावरचे कर्ज फिटेल, एवढीच त्यांची आशा होती. वाटेत बंडाचा वणवा पेटला. सर ह्यू रोजने मार्च १८५८ मध्ये झाशीला वेढा घातला, तेव्हा विष्णुभट शहरातच अडकले होते.

राणीचा दिनक्रम, वेढ्यातली तोफांची रात्र, तटबंदी पडल्यावर झालेली कत्तल आणि लूट, उद्ध्वस्त झालेला राज्याचा ग्रंथसंग्रह, हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. दक्षिणा लुटली गेली. आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड मात्र त्यांनी घरी आणली. त्यांची ही हकीगत भारताचार्य चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये छापली. झाशीच्या जुन्या गल्ल्यांतून चालताना हे पुस्तक बरोबर असले, तर गाइडची गरज भासत नाही.

झोकनबाग आणि सेंट ज्यूडचे चर्च

झाशीला दुसरी एक जागा आहे, तिथे सहसा कुणी नेत नाही. ती म्हणजे झोकनबाग. जून १८५७ मध्ये झाशीतल्या शिपायांनी उठाव केला. किल्ल्यात आसरा घेतलेले इंग्रज ८ जूनला बाहेर आले, तेव्हा त्यांना इथे आणून मारण्यात आले. त्यात स्त्रिया आणि मुलेही होती. मृतांचा आकडा साठच्या आसपास सांगतात. इंग्रजांनी राणीला दोषी धरले. तिने इंग्रज अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत मात्र शिपायांचा निषेध केला होता आणि अनेक इतिहासकार तिला या प्रकरणातून मुक्त मानतात. पुढच्या एप्रिलमध्ये शहरात जी कत्तल झाली, तिच्यामागे या घटनेचा सूडही होता. दोन्ही बाजूंची पोरेबाळे यात मेली, हे मुलांपासून लपवण्याचे कारण नाही. आठवी-नववीतल्या मुलांना ते नीट समजते.

सिव्हिल लाइन्स भागात सेंट ज्यूडचे चर्च आहे. हे उत्तर भारतातले मोठे तीर्थस्थान. संत ज्यूड म्हणजे हताश झालेल्यांचा कैवारी. सगळे उपाय थकले की लोक त्याला साकडे घालतात. त्याच्या अस्थीचा अंश या वास्तूच्या पायात ठेवला आहे, अशी श्रद्धा आहे. दरवर्षी २८ ऑक्टोबरच्या सणाला दूरदूरचे भाविक लोटतात. त्यांत अन्य धर्मीयही असतात. झोकनबागेनंतर इथली शांतता मनाला बरी वाटते.

ओरछा आणि दतिया

दुसरा दिवस ओरछ्यासाठी ठेवावा. झाशीहून अवघे सोळा-सतरा किलोमीटर, पण राज्य बदलते. झाशी उत्तर प्रदेशात, तर ओरछा मध्य प्रदेशात. बेटवा नदीच्या काठी राजमहाल, जहांगीर महाल आणि राजांच्या भव्य छत्र्या अशी ही जुनी राजधानी आहे. राजमहालातली भित्तिचित्रे वेळ काढून पाहावीत. अकबराविरुद्ध बंड केलेल्या सलीमसाठी वीरसिंहदेवाने १६०२ मध्ये अबुल फजलचा वध केला. सलीम जहांगीर म्हणून गादीवर आल्यावर वीरसिंहाचे दिवस पालटले. जहांगीर महाल हे त्या दोस्तीचे स्मारक.

रामराजा मंदिरात श्रीराम देव म्हणून नव्हे, तर राजा म्हणून विराजमान आहेत. रोज पोलिसांकडून त्यांना सलामी दिली जाते. लहान मुलांना याचे भारी अप्रूप वाटते. हाताशी वेळ असेल तर दतियाला जाऊन वीरसिंहदेवाचा सातमजली राजवाडाही पाहावा.

ग्वाल्हेरची लेणी आणि शेवटचा मुक्काम

तिसऱ्या दिवशी ग्वाल्हेर. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. किल्ल्याच्या कड्यात पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात, जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरलेल्या आहेत. उरवाई दरवाजाकडून वर जाताना त्या दोन्ही अंगांना दिसू लागतात. सर्वांत उंच मूर्ती सत्तावन्न फुटांच्या घरात आहे. बाबराने या मूर्ती फोडण्याचा हुकूम दिला होता. काहींचे चेहरे नंतर पुन्हा घडवण्यात आले. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्यांनाही हा कडा थक्क करतो.

आणि मग फुलबाग. काल्पीचा पराभव सोसून राणी ग्वाल्हेरला आली आणि जून १८५८ मध्ये कोटा की सराय इथे लढताना जखमी झाली. १८ जून हा तिचा स्मृतिदिन मानतात. गंगादास महाराजांच्या मठात तिने प्राण सोडला. तिचा देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून साधू लढले आणि घाईने चिता पेटवली गेली. तिथेच आज समाधी आहे. तिचे वय तेव्हा एका मतानुसार एकोणतीस, तर दुसऱ्या मतानुसार बावीस-तेवीस.

आता मुलांचा राहिलेला प्रश्न. दामोदररावाचे पुढे काय झाले? काही इमानी माणसांबरोबर तो दोन वर्षे रानावनात भटकला, १८६० मध्ये इंग्रजांना शरण गेला आणि इंदूरला थोड्याशा पेन्शनीवर राहिला. १९०६ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. झाशी त्याला परत मिळाली नाही. ज्या मुलाच्या हक्कासाठी हे सारे घडले, त्याची हकीगत सांगितल्याशिवाय ही सहल पुरी होत नाही.

जाण्यापूर्वी

झाशी स्टेशनचे नाव २०२१ च्या अखेरीस 'वीरांगना लक्ष्मीबाई' असे झाले, तेव्हा आरक्षण करताना तेच नाव पाहावे. मुंबईहून पंजाब मेल, तर पुण्याहून झेलम आणि गोवा एक्सप्रेस सोयीच्या. मुंबईपासून अंतर साधारण अकराशे किलोमीटर. उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्यामुळे मे महिना टाळून दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत जावे. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडाक्याची असते. स्वेटर, शाली आणि आजी-आजोबांसाठी कानटोपी विसरू नये. ओरछ्याला रिक्षा सहज मिळतात. दतिया आणि ग्वाल्हेर रेल्वेनेही करता येते. किल्ल्यात चढ आणि पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून सकाळी लवकर निघावे आणि पाणी बरोबर ठेवावे. राणीमहालासाठी मात्र घाई करू नये. निदान तासभर तिथे द्यावा.