मानमोडी

मराठीत ‘मानमोडी’ हा शब्द दोन मरणांसाठी वापरला गेला आहे. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा महाराष्ट्रातील लोकांनी तिला मानमोडी म्हटले. कोंबड्यांच्या माना पिळवटून पाहता पाहता खुराडे रिकामे करणाऱ्या राणीखेत रोगालाही खेड्यापाड्यांत हेच नाव आहे. विषाणू दोन, वेगवेगळ्या कुळांतले. पण नाव ठेवणाऱ्यांना विषाणू दिसला नव्हता. त्यांना मान दिसली होती.

अडाण्यांचे नामकरण म्हणून हे सोडून देणाऱ्यांनी प्रयोगशाळेतील नामकरणही पाहावे. १९४१ साली जॉर्ज हर्स्ट हे अमेरिकन संशोधक कोंबडीच्या अंड्यांत इन्फ्लुएन्झाचा विषाणू वाढवत होते. अंड्यातील द्रव काढताना एखादी रक्तवाहिनी फाटे, रक्त द्रवात मिसळे आणि त्यातील तांबड्या पेशी एकमेकींना चिकटत. हे घडवणारे प्रथिन विषाणूच्या पृष्ठभागावर असते. त्याचे नाव पडले हीमॅग्लुटिनिन, म्हणजे जवळजवळ ‘रक्ताचा सरस’. वास्तविक रक्त चिकटवणे हे त्याचे काम नव्हेच; यजमान पेशीला धरून आत शिरणे हे त्याचे काम. म्हणजे तेथेही जे डोळ्यांना दिसले त्याचेच नाव झाले. आणखी मौज अशी की राणीखेतच्या विषाणूवरही रक्तपेशींना चिकटवणारे प्रथिन आहे. लोकांनी एका नावात गोवलेल्या दोन रोगांत एवढे साम्य निघावे हा योगायोगच, पण आम्हा भाषेच्या माणसांना सुखावणारा.

आम्ही दोघे दिग्रसला मराठी शिकवतो. या प्रथिनाशी आमचा संबंध आला तो एका माजी विद्यार्थिनीमुळे. बी.ए.ला आमच्याकडे असलेल्या मुलाची ही धाकटी बहीण. विज्ञानाकडे गेली आणि आता बर्ड फ्लूच्या विषाणूच्या याच प्रथिनावर काम करते. प्रयोगशाळेत ते ‘रिकॉम्बिनंट’ स्वरूपात, चिमुकल्या कुपीत येते. तिच्या वडिलांच्या अंगणात गावरान कोंबड्या आहेत. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, हे त्यांना आठवत होते. त्यात २०२४च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले. तेव्हापासून मुलगी घरी आली की ते तिला खुराड्याकडे जाऊ देईनात. तिला आमच्याकडून मराठी शब्द हवा होता, बापाला सांगण्यासाठी.

शब्द आमच्याकडे होता: पुनःसंयोजित. व्युत्पत्तीने निर्दोष, कोशात शोभणारा आणि ओसरीवर निरुपयोगी. ‘पुनः’ ऐकून माणसाला वाटावे, मेलेले काहीतरी पुन्हा जोडून उठवले आहे. ‘रक्तसमूहक’ सुचवला, तर रक्त गोठवणारे औषध असा समज होण्याची भीती. गोठणे वेगळे, पेशी चिकटणे वेगळे. परिभाषा घडवणाऱ्यांविषयी आम्हांला आदर आहे, पण या बापाच्या भीतीला तो शब्द कुठेच लागत नव्हता.

लागली ती कपाशी. यवतमाळ जिल्ह्यात २००२नंतर बीटी बियाणे न पेरलेला शेतकरी विरळाच. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले. त्याबरहुकूम कपाशी बोंडअळीला मारणारे प्रथिन स्वतःच तयार करू लागली. शेतात जिवाणू नाही, त्याचा माल मात्र आहे. कुपीतल्या प्रथिनाचेही तसेच. विषाणूच्या जनुकांचे एकूण आठ तुकडे. त्यांतल्या एकाची नक्कल किड्यांच्या किंवा माणसाच्या, बाटलीत वाढवलेल्या पेशींत घालतात. त्या पेशी विषाणूचे फक्त ते एक प्रथिन विणतात. उरलेले सात तुकडे तेथे नसतातच, म्हणून त्यातून विषाणू उभा राहू शकत नाही. त्या प्रथिनाला रक्तद्रवातील कोणती प्रतिपिंडे येऊन चिकटतात ते पाहायचे, लशीची परीक्षा करायची. जिवंत विषाणूला हात न लावता.

हे तिने आमच्यासमोरच वडिलांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते.

“मंग त्याच्यात जीव नाई म्हणतेस?”

“नाही बाबा.”

“अन् बोंडअळीवानी यानंई सवय करून घेतली तं?”

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी पचवून विदर्भाची कपाशी खाल्ली होती. प्रश्न तिथून आला होता. आमच्या वर्गात इतका नेमका प्रश्न वर्षातून एखादा येतो. ती म्हणाली, विषाणूही बदलतो, आणि प्रतिपिंडांना चुकवायला नेमके हेच प्रथिन बदलतो; म्हणून नव्या वाणाचा विषाणू सापडला की त्याचे प्रथिन नव्याने करावे लागते.

“म्हंजे बियान्यावानी,” ते म्हणाले, आणि पिलांना राणीखेतची लस टोचायची की डोळ्यांत थेंब टाकायचे ते विचारू लागले.