मुलकातली सुट्टी आणि विम्याचा कागद

दुबई, शारजा, कुवेत, दोहा, दम्माम. कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यात यांपैकी एखाद्या शहरात आपले कुणीच नाही, असे घर शोधूनच काढावे लागेल. तिकडच्या शाळांना जुलै-ऑगस्टची सुट्टी लागली की ही कुटुंबे मुलकाकडे निघतात. अम्मीसाठी गुडघ्याचे मलम, भाच्यांसाठी चॉकलेट, शेजाऱ्यांसाठी खजूर आणि अत्तर, अशी यादी महिनाभर आधी तयार असते. तिच्यात प्रवासाच्या विम्याचे नाव क्वचितच दिसते. ‘आपल्याच घरी चाललोय, विमा कशाला?’ असे सहज म्हटले जाते.

पण घरची वाट कशी आहे ते पाहा. मुंबईला उतरल्यावर रत्नागिरी अजून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास असते. पनवेलनंतर राष्ट्रीय महामार्ग 66 धरायचा. पेण, माणगाव, महाड, कशेडी, खेड, मग परशुराम घाट उतरून चिपळूण. सुट्टीचे हे दिवस म्हणजे ऐन पावसाळ्याचे. याच वाटेवर महाडजवळ 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडवले. दरड आली की कोकण रेल्वेही थांबते.

आजारपणाची गोष्टही तशीच. अपघात झाला तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, सावर्ड्याजवळ डेरवणला मोठे रुग्णालय आहे. तरीही हृदयाचा किंवा मेंदूचा गंभीर रुग्ण पुष्कळदा मुंबईला, नाहीतर आंबा घाटातून कोल्हापूरला हलवावा लागतो. तिथल्या खासगी रुग्णालयात दाखल करतानाच अनामत रक्कम मागतात, आणि सुट्टीसाठी साठवलेला पैसा दोन दिवसांत संपतो.

‘कंपनीचे मेडिकल कार्ड आहे ना’ हा दिलासा तपासून घ्यायला हवा. दुबईत 2013 च्या कायद्याने कामगाराचा आरोग्य विमा ही मालकाची जबाबदारी केली. बायकामुलांचा विमा मात्र ज्याच्या व्हिसावर ती राहतात त्याने उतरवायचा असतो, आणि तिथे बहुधा सर्वांत स्वस्त योजना घेतली जाते. अशा योजनेची हद्द अनेकदा त्या देशापुरतीच असते. भारतात खर्च मिळत असेल तर तोही तातडीच्या उपचारांपुरता, ठरावीक रकमेपर्यंत, आणि आधी आपण भरून मागाहून मागायचा. म्हणून निघण्यापूर्वी कंपनीच्या कार्यालयात विचारावे: भारतात हे कार्ड चालते का, किती रकमेपर्यंत, कोणत्या कागदांवर?

वेगळा प्रवास विमा घ्यायचा झाला तर पॉलिसीत एक शब्द शोधावा: ‘होम कंट्री’, म्हणजे मायदेश. काही पॉलिसी साऱ्या जगात चालतात, पण मायदेशातला उपचार वगळतात किंवा तिथली रक्कम कमी ठेवतात. काहींत मायदेश म्हणजे पासपोर्टचा देश, तर काहींत राहण्याचा देश. आखाती देशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाचे सारे गणित या एका व्याख्येवर फिरते. विकणाऱ्याच्या तोंडी होकारावर न थांबता ‘भारतीय नागरिकाला भारतात लागू’ असे लेखी घ्यावे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांचे काम सोपे आहे. त्यांचे घर ब्रिटन, म्हणून भारतासाठी तिथला साधा प्रवास विमाही चालतो. मात्र मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार अर्जात लपवू नये. लपवला तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा फेटाळला जातो.

हा विमा सहसा निघण्याआधीच घ्यावा लागतो. विमानतळाबाहेर आल्यावर फार कमी कंपन्या तो देतात. भारतात विकला जाणारा परदेश प्रवास विमाही इथे उपयोगी नाही, तो भारताबाहेर जाणाऱ्यांसाठी असतो. आणि दात किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया मुलकात स्वस्त पडते म्हणून सुट्टीवर राखून ठेवली असेल, तर तिचा खर्च प्रवास विमा देत नाही. तो अचानक आलेल्या संकटासाठी आहे.

दरवर्षी येणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. अनिवासी भारतीयाला भारतातली आरोग्य पॉलिसी घेता येते. तिच्यात अपघात वगळता पहिले 30 दिवस सहसा काही मिळत नाही, आणि जुन्या आजारांसाठी थांबण्याची मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. म्हणून ती तिकिटासोबत नव्हे, बरीच आधी घ्यावी.

विमा जायज आहे का, हा प्रश्न आपल्या घरांत येणारच. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1985 मध्ये व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्यावरचा विमा जायज मानला. तकाफुल याच पायावर उभा आहे: सदस्य निधीत रक्कम देतात आणि त्यातून अडलेल्याला मदत होते. अमिरातीत तकाफुल कंपन्या आहेत, त्यांच्याकडे प्रवासासाठी आधी चौकशी करावी. भारतात ही सोय नाही, म्हणून इथल्या पॉलिसीबाबत आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. खबरदारी घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. उंट बांधूनच अल्लाहवर भरोसा ठेवायचा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पॉलिसीची एक प्रत गावातल्या भावाकडे आणि एक पत्नीच्या मोबाइलमध्ये असू द्यावी. कंपनीचा चोवीस तासांचा नंबर दोघांनाही माहीत हवा आणि दाखल होताच तो फिरवावा. डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ बिले, पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड जपावे. अपघात असेल तर पोलिसांची नोंदही घ्यावी. ज्याच्या नावे पॉलिसी आहे तोच बेशुद्ध असेल, तर ही कामे घरातल्या दुसऱ्या कुणाला करता आली पाहिजेत.

अल्लाह सर्वांना सुखरूप घरी आणो आणि सुखरूप परत नेवो.