ज्यूरी गेली, पण तारीख मजुराच्या मानेवर राहिली

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण ज्याच्या घरी कधी कोर्टाचं समन्स आलंय, तो शेवटपर्यंत वाचेल याची खात्री आहे.

आपल्या देशात ज्यूरी नाही. त्यामुळे सामान्य माणसाला कामधंदा सोडून कोर्टात बसावं लागत नाही, असा शहरातल्या शिकलेल्या लोकांचा समज असतो. कुठल्याही तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात सकाळी अकराला जाऊन उभे राहा, समज उतरेल. वकील, पोलीस, आरोपी, फिर्यादी यांच्यापलीकडे एक चौथी जमात तिथं दिसते. भिंतीला टेकून बसलेली, हातात घडी घातलेला कागद, पायात स्लिपर, नजर शिपायाच्या तोंडाकडे. हे साक्षीदार आणि पंच. यांचा गुन्ह्याशी संबंध एवढाच, की यांनी काहीतरी पाहिलं, किंवा पोलिसांनी बोलावलं म्हणून पंचनाम्यावर सही केली.

आधी ज्यूरी कुठं गेली ते सांगतो, कारण पुढचा मुद्दा तिथूनच निघतो.

ज्यूरी आपल्याकडे इंग्रजांनी आणली. लोकमान्य टिळकांचे राजद्रोहाचे खटले मुंबई हायकोर्टात ज्यूरीसमोर चालले. १८९७ ला ज्यूरी ६ विरुद्ध ३ अशी फुटली, १९०८ ला ७ विरुद्ध २. दोन्ही वेळा दोषी म्हणणारे युरोपियन होते. म्हणजे ज्यूरी म्हटलं की न्याय, असं काही आपल्या अनुभवाला आलेलं नाही. तालुक्या-जिल्ह्याकडे तर बऱ्याच ठिकाणी ज्यूरीऐवजी असेसर बसायचे. त्यांचं मत न्यायाधीशावर बंधनकारक नसायचं. १९५५ च्या दुरुस्तीनं असेसर गेले.

मग आला नानावटी खटला. नौदलातले कमांडर नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ ला मुंबईत प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. ज्यूरीनं ८ विरुद्ध १ नं त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टानं जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर १९६१ मध्ये ती कायम केली. या खटल्यामुळेच ज्यूरी बंद झाली, असं सिनेमे बघून लोक सांगतात. पण त्याच्या आधीच, १९५८ मध्ये, विधी आयोगानं आपल्या चौदाव्या अहवालात ज्यूरी बंद करा म्हणून शिफारस केली होती. एम. सी. सेटलवाड अध्यक्ष होते. पुढे १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आली, १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, आणि तिच्यात ज्यूरीला जागाच उरली नाही. आज ज्यूरीसारखं काही उरलंय ते पारशी समाजाच्या विवाह न्यायालयात. तिथं समाजातले पाच प्रतिनिधी न्यायाधीशांसोबत बसतात.

आता खरी गोष्ट. त्याच चौदाव्या अहवालात आयोगानं साक्षीदारांच्या हालांबद्दलही लिहिलं होतं. कोर्टात बसायला धड सोय नाही, प्रवासखर्च आणि रोजचा भत्ता तुटपुंजा, हे सुधारा. म्हणजे एकाच अहवालात दोन गोष्टी होत्या. ज्यूरी घालवा ही एक, साक्षीदाराला माणसासारखं वागवा ही दुसरी. पहिली गोष्ट पुरती झाली. दुसरीला साठ वर्षं उलटून गेली, अजून तारीखच पडतेय.

माझा एक वर्गमित्र न्यू जर्सीला असतो, तिकडचं नागरिकत्व घेतलंय. त्याला ज्यूरीचं बोलावणं आलं तेव्हा फोनवर वैतागला होता. ऑफिसचं काम अंगावर आणि सरकार म्हणतं कोर्टात येऊन बस. मी म्हटलं, पगार कापतात का? म्हणाला, माझी कंपनी देते, सगळ्याच देत नाहीत. तिकडच्या केंद्रीय न्यायालयांत ज्यूरीला दिवसाला ५० डॉलर मिळतात, आणि त्या कामासाठी गेलेल्या कायम नोकरदाराला मालक काढून टाकू शकत नाही, तसा कायदा आहे. एवढं असूनही लोक टाळाटाळ करतात म्हणे. शेवटी म्हणाला, "तुमचं बरं आहे, सुटलात."

सुटलो कुठं? त्याला बोलावणं आलं ते निकाल द्यायला, आपल्या माणसाला येतं ते साक्ष द्यायला, इतकाच फरक. दिवस दोघांचाही मोडतो. आणि त्याच्यामागे कंपनी उभी आहे, इथल्या माणसामागे मुकादम.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या एका अपघाताच्या ठिकाणी मी बातमीसाठी पोचलो होतो. पंचनाम्याला दोन माणसं हवी होती, मी उभा होतो, सही केली. पुढे साक्षीसाठी समन्स आलं. पहिल्या वेळी आरोपीचे वकील आले नाहीत. दुसऱ्या वेळी साहेब रजेवर. तिसऱ्या वेळी साक्ष झाली, २५ मिनिटांत. या तीन दिवसांपैकी एका दिवशी जिल्हा परिषदेची सभा होती. फोन बंद ठेवावा लागला, आणि बाहेर येऊन पाहतो तर डेस्कवरून आठ मिस्ड कॉल. आमच्यासारख्या वार्ताहराला महिन्याचा पगार नसतो हे बऱ्याच वाचकांना माहीत नसेल. बातमी गेली तर मानधन, जाहिरात आणली तर कमिशन. कोर्टात बसलेला दिवस कोरडा जातो. तरी मी घरापासून दोन किलोमीटरवर होतो, दुपारी जेवायला घरी जाऊन आलो.

बाकावर शेजारी शहाद्याकडचा एक शेतमजूर होता. वेगळ्या केसमधला साक्षीदार, चौथ्यांदा आलेला. त्या दिवशीही पुढची तारीख मिळाली. जाताना म्हणाला, "भाऊ, मजुरी बुडनी, भाडं गयं, आन साक्ष बी नही व्हयनी." एका वाक्यात त्यानं सगळा विषय मांडला. मी त्याला विचारलं, भत्ता मागितला का? त्याला भत्ता असतो हेच माहीत नव्हतं.

आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. १ जुलै १९९८ ला नंदुरबार धुळ्यापासून वेगळा झाला, जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं, हे खरं. पण धडगावच्या पाड्यावरच्या माणसाला आजही आधी पाड्यावरून रस्त्यापर्यंत पायी, मग मिळेल ते वाहन, मग घाट उतरून खाली. सत्र न्यायालयात अकराला हजर राहायचं तर काहींना आदल्या दिवशीच निघावं लागतं. म्हणजे एका तारखेला दोन दिवस. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. दोन दिवसांचे झाले ६२४, वर भाडं, वर जेवण. चार तारखांचा हिशेब तुम्हीच करा.

आणि ही झाली घरी असलेल्या माणसाची गोष्ट. दिवाळी झाली की सातपुड्यातली कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, कुणी गुजरातेत, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातला एक साक्षीला निघाला तर कोयता मोडतो, खाडा पडतो, मुकादम उचलीत धरतो. आता समजा समन्स जानेवारीत आलं. हवालदार पाड्यावर गेला, घराला कुलूप. कागदावर शेरा पडतो, साक्षीदार मिळून येत नाही. तो कुठं पळून गेलेला नसतो. पोट भरायला गेलेला असतो.

कायदा मात्र सोडत नाही. समन्स मिळूनही कारण नसताना हजर न राहिल्यास दंड होऊ शकतो, वॉरंट निघू शकतं. झडतीच्या वेळी पंच म्हणून लेखी आदेशानं बोलावलं आणि योग्य कारण नसताना नकार दिला, तर तोही गुन्हा आहे. मला याची तक्रार नाही. कुणीतरी खरं सांगायला उभं राहिलंच पाहिजे, नाहीतर उद्या आपल्या घरावर वेळ आली तर कोण येईल? प्रश्न इतकाच आहे की, कर्तव्य सगळ्यांचं असेल तर त्याचा खर्च एकट्या मजुरानं का सोसायचा?

कारण सगळ्यांना तो सारखा बसत नाही. सरकारी कर्मचारी आपल्या कामासंबंधी साक्षीला गेला तर तो दिवस कर्तव्यावर धरतात. लाचलुचपत विभागाच्या सापळ्यात सरकारी कर्मचारीच पंच घेतात, त्यांचा पगार चालू असतो. दुकानदार शटर ओढून येतो, नुकसान होतं पण संध्याकाळी उघडतो. रोजंदारीच्या माणसाचं मात्र सकाळी काम गेलं की दिवस गेला. म्हणून लोक पंचनाम्याच्या जागेवरून काढता पाय घेतात. मग पोलिसांना मिळतात ते नेहमीचे पंच, ठाण्याजवळच बसणारे, प्रत्येक पंचनाम्यावर सही करणारे. आणि बचाव पक्षाचे वकील कोर्टात पहिला प्रश्न तोच विचारतात, याआधी किती केसमध्ये पंच होतात?

पंच हा शब्दही बघा. आपल्या पाड्यांवर भांडण मिटवायला पंच बसतात तेव्हा त्याला मान असतो. तिथं सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. बायकांना त्या बैठकीत क्वचितच जागा असते, दंड कधी कधी कंबरडं मोडतो. पण त्या पंचाचं म्हणणं ऐकून घेतात, आणि अंधार पडायच्या आत विषय संपवायचा प्रयत्न असतो. तोच माणूस पोलिसांचा पंच म्हणून कोर्टात आला की भिंतीला टेकून बसतो आणि नाव पुकारायची वाट बघतो.

सुप्रीम कोर्टानं हे सगळं ओळखलेलं आहे. २००० साली स्वरणसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात न्यायालयानं स्पष्ट म्हटलंय की साक्षीदार दुरून येतो, तारीख पडते, तो दमेपर्यंत हेलपाटे घालतो, खर्च वेळेवर मिळत नाही. २०१८ मध्ये महेंद्र चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. धमकीपासून संरक्षणाचा विचार तिथं झाला, चांगलं झालं. पण बुडालेल्या मजुरीपासून संरक्षण कोण देणार? साक्षीदार फुटतो तो दर वेळी पैसे खाऊन किंवा घाबरून फुटत नाही. पाचव्या फेरीला तो मनात म्हणतो, काहीही सांगतो, पण एकदाचं सोडा. बातमीत दोनच शब्द येतात, "साक्षीदार फितूर". त्याच्या फेऱ्या त्या चौकटीत मावत नाहीत.

१ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यातल्या काही गोष्टी सगळ्यांनी माहीत करून घ्याव्यात. कलम ३४६ म्हणतं, साक्षीदार हजर असेल तर त्याला न तपासता तारीख देऊ नये, द्यायचीच तर विशेष कारण लेखी नोंदवावं. वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेत, हे कारण चालत नाही. कलम ३५० खाली साक्षीदाराचा वाजवी खर्च शासनानं द्यावा असा आदेश कोर्ट करू शकतं. ठरवून दिलेल्या ठिकाणाहून व्हिडिओद्वारे साक्ष घेण्याची सोयही कायद्यात आली आहे. म्हणजे बारडोलीकडे ऊस तोडणाऱ्याला इतक्या लांबून यायलाच हवं असं नाही. वाट कायद्यानं काढून दिलीय, आता तिच्यावरून कुणी चालायला हवं.

म्हणून समन्स आलेल्यांना चार गोष्टी सांगतो. बाहेरगावी कामाला जाणार असाल तर जाण्याआधी पैरवी हवालदाराला किंवा सरकारी वकिलांना कधी जाणार, कधी परत येणार ते सांगा आणि चालू फोन नंबर द्या. एसटीचं तिकीट फेकू नका. हजर राहिल्याची नोंद करून घ्या, मालकाला दाखवायला दाखला मागा. आणि भत्ता मागा. सरकारी वकिलांना सांगा, अर्ज द्या, लाजू नका. ती भीक नाही.

शासनाकडे आणि न्यायालयीन प्रशासनाकडे मागणंही फार मोठं नाही. भत्ता त्याच दिवशी, हातात किंवा खात्यात, आणि निदान एका दिवसाच्या किमान मजुरीइतका तरी. तारीख होणार नाही हे आदल्या दिवशी कळलं असेल तर साक्षीदाराला एक फोन. धडगाव-अक्कलकुव्यासाठी तालुक्यालाच व्हिडिओ साक्षीची खोली. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या साक्षीदारांच्या तारखा हंगाम सोडून, शक्यतो होळीनंतर. होळीला आमचा माणूस कुठंही असला तरी घरी येतो, हे या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

वकील मंडळी, पोलीस मित्र, सरपंच, तुम्ही यात रोज वावरता. माझं काही चुकत असेल तर दुरुस्त करा. साक्षीदार म्हणून गेलेल्यांनी किती फेऱ्या झाल्या आणि भत्ता मिळाला का, एवढंच कमेंटमध्ये लिहा. चालू केसचा नंबर, कुणाचं नाव, कुठलं कोर्ट, काही लिहू नका. मला फक्त फेऱ्या मोजायच्या आहेत. आकडे जमले की निवेदन तयार करून पालक न्यायमूर्ती आणि जिल्हाधिकारी दोघांनाही देऊ. ज्यांना सही करायची आहे त्यांनी सांगा, मी कागद घेऊन तुमच्या गावी येतो. तुमचा दिवस मोडायची गरज नाही.