दूधभात आणि उंदीर

घरातलं मांजर गेलं की दोन-चार दिवसांत तिच्या खाण्याचा विषय निघतोच. मुलं विचारतात, कच्चं मांस दिलं असतं तर ती अजून जगली असती का? मोबाइलवर चार गोष्टी वाचलेला मोठा भाऊ म्हणतो, असतीच. वाघाची मावशी ती, आपण तिला दूधभातावर ठेवली. आणि जिने वर्षानुवर्षं त्या बशीत दूधभात कालवला, ती आजी काही न बोलता उठून आत जाते. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये असं मला वाटतं. अपराधाचं ओझं इथे चुकीच्या माणसावर पडतं, आणि कारणही चुकीचंच असतं. मांजराला मांस हवंच. ते कच्चंच हवं, या म्हणण्याला मात्र आधार नाही.

मांस हवं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मांसात असणारं टॉरिन नावाचं द्रव्य माणसाचं शरीर स्वतः तयार करतं, मांजराच्या शरीराला ते पुरेसं तयार करता येत नाही. गाजर-भोपळ्यातल्या रंगापासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, तेही तिला जमत नाही. टॉरिन कमी पडलं की मांजराचं दृष्टिपटल झिजत जातं, हे १९७५ साली सिद्ध झालं. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी दाखवलं, की हृदय सैल पडून मरायला टेकलेली मांजरं टॉरिन मिळताच सावरू लागतात. ही मांजरं बाजारातलं तयार खाणं खाणारी होती. त्यानंतर अशा खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं.

मग आमच्या घरांतली मांजरं पिढ्यान्‌पिढ्या दूधभातावर कशी जगली, असं कोणीही विचारेल. ती दूधभातावर जगलीच नाहीत. वाड्यात, चाळीत, कोकणातल्या माडीवर मांजर रात्री कुठे जाई आणि काय करून येई, याचा पत्ता घराला सकाळी लागायचा: उंबऱ्याशी अर्धा उंदीर, माळ्यावरून ओढत आणलेली पाल, कधी नुसतीच मारून टाकलेली चिचुंद्री, कारण तिच्या वासामुळे मांजर ती सहसा तोंडात घेत नाही. उंदीर खाताना मांजर नीट पाहावं. सुरुवात बहुधा डोक्यापासून. मान एका बाजूला कलती करून ती मागच्या दाढांनी कवटी फोडते, बारीक कटकट ऐकू येते, मग कातडीसकट खांदे, बरगड्या, काळीज, सगळं जातं. पुष्कळदा शेपटी आणि हिरवट आतड्याचा एक तुकडा तेवढा उरतो. घरातली माणसं या सवयीला ओंगळ म्हणत आली, बाईमाणसं पाणी ओतून उंबरा धूत आली, आणि सोवळ्याच्या घरात तर मांजराला त्या दिवशी स्वयंपाकघर बंद असे. पण दूधभाताच्या बशीत जे नव्हतं ते सगळं या एका घासात होतं: स्नायू, हृदय, यकृत, हाडांतलं कॅल्शियम. घराने भात द्यायचा आणि मांजराने आपलं आपण भागवायचं, असा तो न बोललेला करार होता. आजीच्या दूधभाताने मांजर मेलं नाही. मोठ्या मांजराला दूध अनेकदा पचतही नाही, पण त्या बशीवर तिचं पोट अवलंबूनच नव्हतं. करार मोडला तो आपण सातव्या मजल्यावर राहायला जाऊन खिडक्यांना जाळ्या बसवल्या तेव्हा.

इथे कच्च्याचा पक्ष घेणारे म्हणतील, मग उंदराच्या जागी कच्चं मांसच द्यायला हवं, जंगलात कोण चूल पेटवतं? त्यांचा आवडता दाखला फ्रान्सिस पॉटेंजर या अमेरिकन डॉक्टरांचा. १९३२ ते १९४२ अशी दहा वर्षं त्यांनी कॅलिफोर्नियात शेकडो मांजरांवर प्रयोग केले आणि शिजवलेल्या मांसावरची मांजरं पिढीगणिक खंगत गेल्याचं नोंदवलं. ती नोंद मी नाकारत नाही. पण मांजराला टॉरिनची गरज असते हे तेव्हा ठाऊक नव्हतं. टॉरिन पाण्यात विरघळतं. मांस उकळलं की त्यातलं पुष्कळसं पाण्यात उतरतं, आणि ते पाणी फेकलं की त्याच्याबरोबर जातं. दोष चुलीचा कमी आणि ओतून दिलेल्या पाण्याचा जास्त. कांदा, लसूण, मीठ न घालता उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट दिलं, तर नुकसान बरंच टळतं. शिवाय दुकानातला कच्चा खिमा म्हणजे उंदीर नव्हे. त्यात हाड नाही, हृदय नाही, यकृत नाही. नुसत्या अशा मांसावर वाढलेल्या पिलांची हाडं कॅल्शियमअभावी वाकतात, मोडतात. उंदीर मारल्या क्षणी ताजा असतो. कोंबडी कापल्यापासून आपल्या फ्रिजपर्यंत किती हातांतून आणि सुऱ्यांखालून येते, हे कोणत्याही मांसबाजारात उभं राहून दिसेल.

गेल्या काही वर्षांत तर धोका पोटदुखीपुरता राहिलेला नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये पाळीव मांजरं बर्ड फ्लूने मेली, संशय कच्च्या कोंबडीवर गेला. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात घराबाहेर न पडणारं एक मांजर गोठवलेल्या कच्च्या टर्कीच्या खाण्यातून दगावलं. गोठवल्याने विषाणू मरत नाही. आणि हे परदेशापुरतं नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेले, आणि पुढच्याच महिन्यात शेजारच्या छिंदवाड्यात घरगुती मांजरांत तो आढळला. ज्यांच्या नावाने कच्च्याचा पुरस्कार होतो ते वाघही त्यातून सुटले नाहीत. चांगलं शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही.

शाकाहारी घराची अडचण मला खरी वाटते, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. ज्या घरात अंडंही येत नाही तिथे चिकन कोण उकडणार? टॉरिन घातलेलं तयार खाणं हा त्यावरचा सरळ मार्ग आहे. तोही नको असेल, तर त्या घराने ससा पाळावा. आपल्या व्रताचा उपास मांजराकडून करवून घेऊ नये. यावर मी तडजोड करणार नाही. मात्र कच्च्याचा हट्टही मला त्याच जातीचा वाटतो. तिथेही मांजराच्या बशीत माणसाचीच एक कल्पना वाढली जाते, कधी शुद्धतेची, कधी जंगलाची, आणि रोज ती बशी धुणाऱ्या, गर्भारपणातही कच्चं मांस हाताळणाऱ्या सुनेला कोणी विचारत नाही. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची बाधा अशा मांसातून माणसालाही होते.

तेव्हा मुलाला सांगावं: नाही, कच्चं दिल्याने ती जास्त जगली असती असं मानायला काही आधार नाही, म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडं थकतात, चांगलं खाणाऱ्यांचीही. हे आजीच्या समोर सांगावं. आणि पुढचं पिलू घरात आणण्याआधी सगळ्यांनी बसून ठरवावं, चिकन कोण आणणार, ते कुठल्या पातेल्यात शिजणार, आणि आजी देवदर्शनाला गेली तर त्या दिवशी बशी कोण भरणार.