जहाजावरची "जैन थाळी"



"क्रूझ कशी झाली?" हे देवळात भेटलेल्या प्रत्येकीनं विचारलं आणि दर वेळी मी "झाली एकदाची" म्हणून चपला घालून निघाले. आज सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी दोघीतिघींनी अशीच एक जाहिरात मला पाठवून "जावं का गं?" असं विचारलंय.

डिसेंबरात आमच्या अण्णा-आक्कांच्या लग्नाला ५० वर्षं झाली. आम्हाला वाटलं, श्रवणबेळगोळला न्या म्हणतील. आक्का म्हणाल्या, "देऊळ रोजच बघतोय मी. मला समुद्र बघायचाय, आत जाऊन." उसाच्या फडांत जन्म गेलेल्या माझ्या सासूबाईंनी सत्तरीत पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. अण्णा तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं पणजीला गेले होते, डेकवर वळकटी टाकून. ती गोष्ट आक्कांनी ५० वर्षं ऐकलेली. माझी भिशी लागली होती, त्यात ह्यांनी आणि भाऊजींनी भर घातली. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री, सगळ्यात स्वस्त खोल्या. जाहिरातीत "जैन जेवण उपलब्ध" असं ठळक अक्षरात होतं. तरी मी फोन करून विचारलं, संध्याकाळचं जेवण किती वाजता मिळेल? पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणाल तेव्हा."

बॅलार्ड पिअरला सामान तपासताना आमची खाण्याची पिशवी बाजूला निघाली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, रव्याचे लाडू. घरचं अन्न वर नेता येत नाही म्हणे. पिशवीला चिठ्ठी लावली, उतरताना परत मिळेल असं सांगितलं. आक्कांना मधुमेह आहे, हे सांगून पाहिलं. औषधं चालतील, लाडू नाही.

खोलीला खिडकी नव्हती, हे आम्हाला ठाऊक होतं. स्वस्त म्हणजे आतली खोली. भिंतीवरच्या टीव्हीवर मात्र जहाजासमोरचा समुद्र सतत दिसत होता. आक्का पलंगावर बसून तो बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे घरी पण दिसलं असतं की." बाकी तक्रारी थोडक्यात सांगते. पोहण्याचा हौद आमच्या विहिरीएवढा, मुलांची खोली बंद, आणि जाहिरातीतल्या आकड्यावर दोन-तीन आकार शेवटी चढले ते वेगळेच.

खरं दुखणं जेवणाचं. जेवणघर उघडणार साडेसातला. डिसेंबरात सूर्य मावळतो सहाच्या सुमाराला, आणि आक्का तर त्याच्याही दोन घटिका आधी, म्हणजे सव्वापाचला, ताट संपवतात. पाच वाजता मिळत होते बटाट्याचे सामोसे आणि अंड्याचा केक. सामोशावर "जैन" अशी पाटी! बटाटा म्हटल्यावर वाढणारा मुलगा म्हणाला, "कांदा-लसूण नाही घातलेला." आक्कांनी दूध घेतलं, एक केळं खाल्लं आणि हात धुतले.

तेवढ्यात गाणी सुरू झाली आणि सगळं जहाज वरच्या डेकवर लोटलं, हातात पेले आणि मोबाईल घेऊन. सूर्यास्त बघायला! त्या गर्दीत आमचीच माणसं सूर्याकडे घड्याळाकडे बघावं तशी बघत होती. पण समुद्रात बुडणारा तो लालभडक गोळा बघून आक्कांनी हात जोडले, ते मात्र मी विसरणार नाही.

माझी १५ वर्षांची लेक धुसफुसत होती. "आई, इथं एसी आहे, लख्ख उजेड आहे, एक किडा नाही. मग आज्जीनं साडेसातला का नाही जेवायचं?" प्रश्न चुकीचा नव्हता. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात दिव्याच्या उजेडातल्या जेवणाचाही विचार केलाय. दिवा लावला तरी बारीक जीव अन्नात पडतात, हे एक. आणि रात्री खाण्यात आसक्ती जास्त असते, हे दुसरं. एसीनं पहिल्याचं उत्तर दिलं असेल, दुसऱ्याचं कसं देणार? तिला पटलं असं नाही.

लेक आज्जीच्याच खोलीत झोपली होती. रात्री दहाच्या पुढे धावत आली. आज्जीला दरदरून घाम फुटलाय, हात थरथरतायत. ग्लुकोमीटरवर आकडा ६२. संध्याकाळची गोळी पोटात होती आणि जेवण नव्हतं. ह्यांनी ग्लुकोजची पुडी फोडली. आक्कांनी तोंड फिरवलं. रात्री औषध आणि पाणी, याशिवाय काही घ्यायचं नाही, असा त्यांचा कितीक वर्षांचा नियम. मी समजावलं, ह्यांनी आवाज चढवला, त्या ऐकेनात. मग अण्णा उठले. पेला हातात घेऊन म्हणाले, "आज साखर हेच औषध आहे. पी." आक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि प्यायल्या. आकडा वर येईपर्यंत लेक त्यांचा हात धरून बसली होती. पहाटे जाग आली तेव्हा आक्कांचा जप चालला होता.

दुसऱ्या दिवशी जहाज मुरगाव बंदराला लागलं. लोक गोवा बघायला उतरले, आमची लेक मात्र थेट मुदपाकखान्याच्या दारात. काय बोलली कोण जाणे. पाच वाजता एक कोकणातला आचारी स्वतः ताट घेऊन आला. साधं वरण, भात, दुधीची भाजी. बटाटा नाही, गाजर नाही. "ताईंनी सगळं लिहून दिलंय," म्हणाला आणि कागद दाखवला. त्यावर तिच्या अक्षरात काय चालतं, काय नाही, आणि खाली दोनदा रेघ मारून "५ वाजता". शेवटपर्यंत त्याची वेळ चुकली नाही.

तर मैत्रिणींनो, जायचं असेल तर जा. पण पाटीवरच्या "जैन" शब्दावर जाऊ नका. त्या शब्दात त्यांच्या लेखी फक्त कांदा-लसूण असतो, घड्याळ नसतं. सूर्यास्ताआधी गरम जेवण, हे बुकिंगच्या वेळी लेखी घ्या. घरात कुणाला मधुमेह असेल तर गोळीचं आणि जेवणाचं कसं बसवायचं, ते डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. आम्ही तक्रार केली, तिचं उत्तर म्हणून पुढच्या सफरीवर सवलतीचं कुपन आलंय. कुणाला हवं असेल तर सांगा.

उतरताना पिशवी परत मिळाली. दशम्यांची मर्यादा केव्हाच संपली होती. भडंग तेवढं चांगलं होतं. टर्मिनलबाहेरच्या कट्ट्यावर बसून, सकाळच्या उन्हात, सगळ्यांनी तेच खाल्लं. आक्का अण्णांना विचारत होत्या, "तुमच्या त्या बोटीवर जेवायला काय मिळायचं हो?"