फणीवरची पाच अक्षरे

प्राचीन जर्मानिक लिपीतील अक्षरांना ‘रून’ म्हणतात. या शब्दाभोवतीचे गूढतेचे वलय फार जुने आहे. चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबल गॉथिक भाषेत आणले, तेव्हा ग्रीकमधील ‘रहस्य’वाचक शब्दासाठी त्याने ‘रूना’ हाच शब्द योजला. आजच्या जर्मनमध्येही ‘राउनन’ म्हणजे कुजबुजणे. ‘हावामाल’ या नॉर्स काव्यात तर ओडिन नऊ रात्री वृक्षावर लटकत राहतो आणि त्या यातनांतून रून हस्तगत करतो. रून म्हणजे मंत्राक्षरेच, ही समजूत यातूनच रूढ झाली असावी.

उत्खननाची साक्ष मात्र पुष्कळदा निराळी असते. डेन्मार्कमधील फ्यून बेटावर विमोसच्या दलदलीत सापडलेल्या, सुमारे इ. स. १६० च्या एका फणीवर ‘हर्या’ एवढाच शब्द पाच रूनांत कोरलेला आहे. बहुधा ते कोणाचे तरी नाव. नॉर्वेतील बेर्गेन येथे १९५५ च्या आगीनंतर जमीन खणली गेली, तेव्हा सहाशेहून अधिक लेख हाती आले. त्यांत व्यापाऱ्यांच्या मालावरील नावाच्या पट्ट्या आहेत, प्रेमाचे निरोप आहेत. एका काठीवर तर कोणा गीदाने एकाला घरी परतण्यास फर्मावले आहे! ओडिनच्या तपश्चर्येचे फळ असे बाजारात आणि संसारात मुरलेले दिसते.

या लिपीचा उगम कोठला? विमर यांनी १८७४ मध्ये लॅटिनकडे बोट दाखविले. फोन फ्रीसन यांनी ग्रीकचा पक्ष घेतला. मार्स्ट्रांडर यांनी १९२८ मध्ये आल्प्सलगतच्या उत्तर इटालीय लिप्यांचा. चोवीस अक्षरांचा ‘फुथार्क’ हा क्रम असाच का, याचा समाधानकारक उलगडा यांपैकी एकाही मताने होत नाही.

अक्षरांच्या नावांत गूढापेक्षा जगणेच अधिक आहे. ती हस्तलिखितांत उशिरा नोंदली गेली आणि त्यांची मूळ रूपे पुनर्रचित आहेत, हे खरे. तरीही पहिले नाव ‘फेहू’, म्हणजे गुरे आणि पर्यायाने धन. संस्कृत ‘पशु’ त्याच धातुकुळातला. ‘गोधन’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही सांगड परकी वाटू नये. ‘स’ ध्वनीच्या रूनाचे नाव ‘सोविलो’. हे तर ‘सूर्य’ शब्दाचे दूरचे भावंड, अर्थही तोच.

ऑस्ट्रियाच्या गीदो फोन लिस्टला हा अर्थ पुरेसा वाटला नाही. १९०२ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवर पट्टी असताना अठरा रूनांचे रहस्य आपल्याला उमगल्याचा त्याचा दावा होता. १९०८ मध्ये ते पुस्तकरूपाने निघाले. त्यात सूर्याचा ‘विजय’ झाला. पुढे नाझींच्या एस. एस. दलाने हीच खूण जोडीने गणवेशावर मिरविली. जर्मनीत ती जोडखूण जाहीरपणे वापरणे आज गुन्हा आहे. जुन्या यादीत तिच्या नावाचा अर्थ अजून सूर्य असाच आहे.