चौथी पट्टी

मांजरी बुद्रुकला आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. रिक्षाचा सेल्फ, ट्रॅक्टरचा डायनामो, उसाच्या ट्रकचे मागचे दिवे ही रोजची कामं. अब्बांनी सुरू केलं, आता आम्ही दोघे भाऊ चालवतो. आमची भाची इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते, ती कॉलेज सुटल्यावर दुकानात येऊन बसते. विमानाशी आमचा संबंध एवढाच, की लहानपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरचं एखादं ग्लायडर डोक्यावरून आवाज न करता गेलं की आम्ही घरातून बाहेर धावायचो.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एक निवृत्त इंजिनिअर साहेब दुकानात आले आणि म्हणाले, वायरिंगचं काम आहे, जरा वेगळं आहे. द्राक्षाच्या पॅकिंगसाठी बांधलेल्या एका जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये ते दोन माणसांचं विमान बांधत होते. आम्हाला आधी चेष्टा वाटली. मग त्यांनी कॅप्टन अमोल यादव यांची गोष्ट सांगितली. कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं. हे ऐकून अब्बांनी एकच प्रश्न विचारला, “मुंबईचा पाऊस, आणि गच्चीवर? वायरिंग कसं टिकवलं असेल?” साहेब हसले. म्हणाले, “तेवढ्यासाठीच तुमच्याकडे आलोय.”

आम्ही काम घेतलं. जूनच्या पहिल्याच वादळी पावसात वारा पत्र्याखालून आत घुसला आणि सकाळी पाहतो तर पॅनेलमधला रेडिओ हलवला की आतून पाणी वाजतंय. त्या रेडिओच्या किमतीत आमच्याकडे एक जुनी रिक्षा आली असती.

लहान विमानात ही पंचाईत ठरलेली आहे. समोरची काच खाली जिथे संपते, नेमकं त्याच्याखाली पॅनेल असतं, आणि पॅनेलच्या मागे रेडिओ, मीटर, सगळ्या वायरी. काचेवरून ओघळलेलं पाणी त्या सांध्यावर येऊन थांबतं. जमिनीवर उभ्या विमानात ते थेंबथेंब पाझरतं. उडताना समोरची हवा त्याच सांध्यावर दाब टाकते आणि जमिनीवर जे गळत नव्हतं तेही आत ढकलते.

आम्ही काय केलं, तर सरळ सिलिकॉनच्या नळ्या आणल्या आणि दिसेल ती फट बुजवली. काचेचा सांधा, पॅनेलच्या कडा, वायरींची भोकं, रेडिओचा डबासुद्धा. काम पाहून आमचे आम्हीच खूश झालो. दीड महिन्यानं पॅनेल उघडलं तेव्हा पाणी नव्हतं, पण तांब्याच्या वायरींवर आणि पिनांवर हिरवी पूड धरलेली. दुकानात मिळणारं साधं सिलिकॉन वाळताना सिरक्यासारखा वास येतो ना, तो ॲसिडचा वास असतो. बाथरूमच्या फरशीला ते चालतं, वायरीच्या उघड्या तांब्याला ते खातं. वास न येणारं न्यूट्रल सिलिकॉन वेगळं मिळतं, थोडं महाग. दुसरी चूक त्याहून मोठी होती. पावसाळ्यातली दमट हवा आम्ही त्या डब्यात कोंडून टाकली होती. दुपारी शेड तापायची, पहाटे थंड व्हायची आणि रोज आतल्या आत दव धरायचं. अब्बा म्हणाले, “अम्मीच्या डब्यात गरम रोट्या झाकून ठेवल्या तर झाकणाला पाणी सुटतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?” ठाऊक होतं. विमान आहे म्हटल्यावर आमची अक्कल कुठेतरी गहाळ झाली होती.

मग सगळं खरवडून पुन्हा सुरुवात. आधी गळती शोधली. भाची बारीक, ती टॉर्च घेऊन पॅनेलखाली उताणी झोपली, आतून सगळीकडे टाल्कम पावडर मारली, आणि बाहेरून धाकट्यानं पाण्याचा पाइप धरला. पाणी खालून वर न्यायचं, एका जागी बराच वेळ थांबायचं, मग हातभर वर. वरून एकदम सोडलं तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. पावडरीवर पहिली रेघ उमटली ती काचेच्या सांध्यातून नव्हतीच. वरच्या एका स्क्रूच्या भोकातून पाणी शिरत होतं, आतल्या नळीला धरून हातभर चालत येत होतं आणि बरोबर रेडिओवर टपकत होतं. आम्ही सांध्यावर दोन नळ्या वाया घालवल्या होत्या.

स्क्रू बसवले, सांधा नीट भरला, आणि तरीही कधी ना कधी पाणी येणारच असं धरून चाललो. रेडिओवर ॲल्युमिनियमचा एक पातळ ट्रे घातला, कडा वर वळवलेल्या, एका कोपऱ्याकडे उतार. कोपऱ्यातून एक बारीक नळी थेट विमानाच्या पोटाखाली. खांबावरून घरात येणारी वायर आधी खाली झोका घेते आणि मग वर चढून आत जाते, म्हणजे पाणी झोक्यातच टपकून पडतं. प्रत्येक वायरीला तसाच झोका दिला. कनेक्टरची तोंडं खाली केली. रेडिओच्या डब्याला तळाशी श्वास घ्यायला जागा ठेवली. पोटाला पाणी निघायची भोकं पाडली, पण तिथेही एकदा फसलो. हे विमान उभं राहतं तेव्हा शेपूट जमिनीला टेकलेली असते, त्यामुळे पाणी मागे साठतं, आणि आम्ही भोकं मधोमध पाडली होती.

भिजलेल्या वस्तूबद्दल मात्र भाचीनं आम्हा दोघांना शिकवलं. पाणी गेलं की आपला हात आधी स्विचकडे जातो, चालू होतंय का बघू म्हणून. तेच करायचं नाही. आधी बॅटरी काढायची. ओल्या सर्किटमध्ये करंट खेळला की पातळ तांबं भराभर खाल्लं जातं; नुसतं ओलं राहिलं तर बऱ्याचदा वाचतं. उघडायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवायचं, पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवायचं. तांदळात पुरायचं नाही. तांदूळ काही ओढून घेत नाही, उलट त्याचा भुसा आत जातो. पहिला रेडिओ तिनं असाच वाचवला. तो आजही चालतो.

आता पट्ट्यांची गोष्ट. विमानाला बाहेर काही लहान भोकं असतात. पंखाखाली पुढे तोंड केलेली नळी, तिच्यावरून वेग कळतो. दोन्ही बाजूंना एकेक टाचणीएवढं भोक, त्यातून बाहेरच्या हवेचा दाब आत येतो आणि त्यावर उंचीचा काटा चालतो. शिवाय पेट्रोलच्या टाकीची हवा जाण्याची नळी. अशी चार. त्यांतून पाणी शिरलं तर काटे वेडेवाकडे फिरतात, म्हणून पावसाळाभर धाकट्यानं त्यांवर पट्ट्या चिकटवल्या. दुकानात चंदेरी फॉइलची टेप होती, तीच वापरली. विमानाचा पत्राही चंदेरी. उलट आम्हाला ते छान दिसलं.

ऑक्टोबरमध्ये पाऊस संपला. दुसऱ्या दिवशी विमान ट्रकवर चढवून जिल्ह्याबाहेरच्या एका धावपट्टीवर न्यायचं होतं. साहेबांनी विचारलं, “पट्ट्या काढल्या?” आम्ही म्हणालो, काढल्या. ते निश्चिंत झाले. मगरिबची वेळ होत आली होती, अवजारं आवरत होतो. भाची चाकाशेजारी पडलेल्या टेपच्या गोळ्या कचऱ्यात टाकायला वाकली आणि तशीच थांबली. म्हणाली, “मामू, तीनच आहेत.”

चौथी डाव्या बाजूला होती, भिंतीकडे. तिथे उजेड नव्हता. बोट फिरवल्याशिवाय ती दिसली नसती.

साहेबांनी ती स्वतः सोलून काढली आणि बराच वेळ बोटावर धरून उभे राहिले. मग त्यांनी पेरू देशातली गोष्ट सांगितली. २ ऑक्टोबर १९९६ ची रात्र. लिमाहून एअरोपेरूचं बोईंग ७५७ निघालं. विमान धुऊन पुसताना पाणी शिरू नये म्हणून कामगारानं त्याच भोकांवर टेप लावली होती आणि ती काढायची राहिली. तपासणाऱ्यांना दिसली नाही, वैमानिकालाही नाही. अंधारात समुद्रावर वेग आणि उंची काहीच खरं कळेना. विमान पाण्यात गेलं, सत्तरच्या सत्तर माणसं गेली. टेपचा रंगही चंदेरीच होता.

धाकटा त्या रात्री जेवला नाही. आम्ही कोणी त्याला काही बोललो नाही. “काढल्या” म्हणणारे आम्ही दोघेही होतो. दोन दिवसांनी साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, बहुधा त्याला बरं वाटावं म्हणून. २००८ च्या फेब्रुवारीत ग्वाम बेटावर अमेरिकेचं बी-२ हे विमान उडताच कोसळलं. दाब मोजणाऱ्या २४ यंत्रांपैकी तिघांत पावसाची ओल गेली होती. वैमानिक दोघेही वाचले. आधी हीटर लावून ओल वाळवायची युक्ती काही कारागिरांना माहीत होती, पण ती कुठे लिहिलेली नव्हती. ज्यांना माहीत होती ते त्या दिवशी तिथे नव्हते.

दुकानात उधारीची वही आहे, तशीच एक वही आम्ही विमानाची केली. काय बंद केलं, कोणी, कधी, आणि उघडलं कोणी. उघडणारा आणि तपासणारा वेगळा. चंदेरी टेप बाद. भाचीनं शिवणवाल्याकडून लाल सॅटिनची रिबीन आणली, हात-हातभर चार तुकडे केले, त्यांवर १ ते ४ आकडे घातले आणि रबराच्या बुचांना बांधले. वारा आला की त्या फडफडतात, लांबून दिसतात.

विमान अजून जमिनीवरच चालवून पाहिलं आहे; उडायच्या परवानगीचे कागद चालू आहेत. गेल्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री साहेबांचा फोन आला. ट्रेमधून दोन चमचे पाणी नळीनं खाली गेलं होतं, रेडिओ कोरडा. आम्ही शुक्र केला. भाचीनं आमच्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, रिबिनी मोजल्या का.

“चार,” साहेब म्हणाले, “चारही जागेवर.”

तिनं वही काढून तारीख घातली.